एका वाक्याचा प्रवास

आपल्या गावचा माणूस मुंबईला जातो. पहिल्या दिवशी काय शोधतो? काम शोधतो. काम मिळाले की पाठ टेकायला जागा शोधतो. काम असते अंधेरीला, नाहीतर घाटकोपरला. तिथले भाडे परवडत नाही. मग रस्त्याच्या कडेला चार बांबू रोवायचे, वर ताडपत्री टाकायची, की झाले घर.

अशीच एक वस्ती विलेपार्ल्याला होती. अंधेरीच्या अलीकडचे हे स्टेशन. वस्तीचे नाव कामराज नगर. १९६०-६१ च्या सुमारास ती वसली, असे तिथले लोक सांगत. झोपड्या ५०० च्या वर. वस्ती होती हायवेला मिळणाऱ्या रस्त्यावर. पोरे खेळता खेळता हायवेवर जात. तिथे भरधाव मोटारी. अपघाताची भीती खरीच होती.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केले की, मुंबईच्या फूटपाथवर राहणाऱ्यांना उठवून गावी नाहीतर शहराबाहेर पाठवू. पावसात असे राहणे माणसाचे जगणे नव्हे, असेही ते म्हणाले. पण उठवायचे कधी? तर भर पावसात!

लोक कोर्टात गेले. ओल्गा टेलिस या पत्रकार बाईंनीही अर्ज केला. त्यांच्याच नावाने हा खटला ओळखला जातो. लोकांचे म्हणणे साधे होते. काम इथे आहे म्हणून आम्ही इथे आहोत. झोपडी गेली की काम गेले. काम गेले की पोट गेले. मग जीव कसा राहील?

हे म्हणणे राज्यघटनेच्या २१ व्या कलमावर उभे होते. राज्यघटना म्हणजे देश चालवण्याचे मूळ नियम. सरकारलाही ते पाळावे लागतात. २१ वे कलम सांगते, कायद्याने ठरवलेल्या रीतीवाचून कोणाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही.

हे वाक्य आपल्याकडे कुठून आले? ती गोष्ट मोठी गमतीची आहे, बरं का.

अमेरिकेची घटना १७८७ साली लिहिली गेली. १७९१ साली तिच्यात लोकांचे हक्क जोडले. त्यांतला एक असा : न्यायाची योग्य रीत पाळल्यावाचून कोणाचा जीव, स्वातंत्र्य वा मालमत्ता घेऊ नये. आपल्या घटनेच्या कच्च्या मसुद्यात प्रथम अशाच अर्थाचे शब्द होते. घटनासभेचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव १९४७ साली अमेरिकेला गेले. तिथले न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी त्यांना सावध केले. हे शब्द ठेवलेत, तर लोकांनी निवडलेल्यांचे कायदे मूठभर न्यायाधीश मोडीत काढतील! म्हणून मसुदा समितीने ते शब्द काढले आणि जपानच्या घटनेतले घेतले. आणि जपानची घटना कोणी लिहिली? महायुद्धात जपान हरला, तेव्हा १९४६ साली तिचा मसुदा अमेरिकन अधिकाऱ्यांनीच केला होता. पुढच्या दाराने निरोप दिलेला पाहुणा परसदाराने घरात आला, म्हणा ना.

मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. दुसऱ्या देशाकडून चांगले ते घेण्यात त्यांना लाज वाटत नव्हती. घटनेच्या मूळ कल्पनांवर कोणाची मालकी नसते, असे त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी सभेत सांगितले. पण या एका कलमाबद्दल त्यांचे मन ठरेना. कायदेमंडळात एकाच पक्षाची माणसे भरली, तर ती जुलमी कायदा करतील. सगळे न्यायाधीशांवर सोपवावे, तर तीही पाचसहा माणसेच. १३ डिसेंबर १९४८ रोजी त्यांनी निर्णय सभेवर सोडला. सभेने जपानचे शब्द कायम ठेवले.

पुढे १९७८ साली मनेका गांधी यांच्या पासपोर्टचा खटला झाला. नुसती रीत असून भागत नाही, ती न्याय्यही हवी, असे सुप्रीम कोर्टाने ठरवले. अमेरिकेचे काढलेले शब्द अर्थाने परत आले ते असे.

कामराज नगरचा निकाल १० जुलै १९८५ रोजी लागला. पाच न्यायाधीश होते. निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी. हे मूळचे पुण्याचे. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क आलाच, असे कोर्टाने मानले.

मग झोपड्या राहिल्या का? नाही. रस्ता चालण्यासाठी असतो, तो अडवण्याचा हक्क कोणाला नाही, असेही कोर्ट म्हणाले. मात्र काढण्याआधी साधारणपणे नोटीस द्यावी, माणसाचे ऐकून घ्यावे. १९७६ च्या मोजणीत ज्यांना कार्ड मिळाले, त्यांना दुसरी जागा द्यावी. वीस वर्षांच्या जुन्या, सुधारलेल्या वस्त्या सार्वजनिक कामाला जागा लागल्याखेरीज काढू नयेत. आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, कोणाला हलवू नये. ज्याने ते कार्ड पेटीत जपून ठेवले होते, त्याला जागा मागायला आधार मिळाला. ज्याच्याजवळ कागद नव्हता, त्याच्या हाती फारसे काही आले नाही. माझ्या मते हा निकाल इथे तोकडा पडला.

पण तो देशाबाहेर गेला. बांगलादेशाची राजधानी ढाका. १९९९ साली तिथे सरकार झोपडपट्ट्या पाडू लागले. आईन ओ सालिश केंद्र ही संस्था हायकोर्टात गेली. जगण्याच्या हक्काचे कलम त्यांच्याही घटनेत आहे. तिथल्या न्यायाधीशांनी मुंबईच्या निकालाचा आधार घेतला. त्यांनी सरकारला सांगितले, पुनर्वसनाची योजना करा, लोकांना पुरेसा वेळ द्या आणि दुसरी सोय होईल तसतसे टप्प्याटप्प्याने हलवा.