एकाच पदाच्या दोन तबकड्या

गगनबावड्यात जुन्या तबकड्या सांभाळायच्या म्हणजे जून ते सप्टेंबर ओलीशी झुंज. पण चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नाही. करूळ घाटाकडून पाऊस चढून आला, लाईट गेली, तरी गाणे चालू राहते. एकच पद दोन गळ्यांतून, दोन तबकड्यांवर ऐकायचा मला नाद आहे. त्या नादातून हाती लागलेले हे काही.

१. आधी लेबल सोडून आतली पट्टी वाचा. खाच संपते आणि लेबल सुरू होते तिथल्या गुळगुळीत जागेत एक क्रमांक कोरलेला असतो. लेबलाचा रंग वेगळा, पण हा क्रमांक एकच, तर ध्वनिमुद्रण तेच. मग तुलना फक्त कुठली प्रत कमी झिजली एवढ्याचीच उरते.

२. तबकडी लाखेची असते. कागदी पाकीट ओल धरते आणि बुरशी खाचेत उतरते. थंड पाणी, सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने. लेबल कोरडे ठेवायचे. स्पिरिट कधीही लावू नये, लाख विरघळते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात.

३. फेरे मोजल्याशिवाय गायकाबद्दल बोलू नये. हे मी सर्वांत आग्रहाने सांगतो. मिनिटाला ७८ ऐवजी ८२-८३ फेरे झाले, की काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते. आवाज कोवळा होतो, ताना उगाच चपळ वाटतात, आणि आपण त्याचे श्रेय गायकाला देऊन बसतो. ५० हर्ट्झच्या विजेच्या दिव्याखाली ७७ रेघांची चकती ठेवली, की बरोबर वेगाला रेघा थांबल्यासारख्या दिसतात. दिवे गेले असतील तर कडेला कागदाची चिठ्ठी ठेवून घड्याळ लावायचे, अर्ध्या मिनिटात ३९ फेरे. मोजताना सुई खाचेत टेकलेली हवी, कारण तिच्या ओढीने वेग किंचित उतरतो.

परदेशात आपोआप वाजणाऱ्या पियानोचे कागदी रोल जमवणाऱ्यांचीही वेगाशीच गाठ असते. ८८ स्वरांचा रोल सव्वाअकरा इंच रुंद. त्यावर टेम्पो ७० छापलेले असले तर मिनिटाला सात फूट कागद सरकवायचा. पण तिथे वेग चुकला तर फक्त लय बदलते, सूर जागचा हलत नाही. आपल्या तबकडीत दोन्ही एकदम हलतात.

४. सुई दर बाजूला नवी, आणि दोन्ही तबकड्यांना एकाच जाडीची.

५. भोंग्यासमोर गायलेले आणि मायक्रोफोनसमोर गायलेले गाणे एका तागडीत घालू नये. विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५ पासून जगात रूढ झाले. त्याआधी गायक भोंग्यात जोर लावून गात. अब्दुल करीम खाँसाहेबांची विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मुद्रणे आणि १९३०च्या दशकातली ओडियनची मुद्रणे यांत गळ्याच्या वयाइतकाच यंत्राचाही फरक आहे.

६. एवढी झाडलोट झाली की खरे ऐकणे सुरू होते. माझी आवडती जोडी ‘प्रेम सेवा शरण’ची. हे पद खाडिलकरांच्या ‘मानापमान’ या १९११च्या नाटकातले, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या माणसाच्या. मूळ चाल भीमपलासची. खाँसाहेब ती भीमपलासातच गातात. सूर लांबवतात, मींडेने पुढच्या सुराशी नेतात. तीन मिनिटांची घाई त्यांच्या गाण्यात कुठेच जाणवत नाही. मास्टर दीनानाथांनी तेच पद मुलतानीत नेले. मध्यम तीव्र झाला, रिषभ-धैवत कोमल झाले, आणि शब्दांतली शरणागती एकदम धारदार झाली. कोमल गंधार दोन्हींकडे आहे. तो एकच सूर धरून दोन्ही तबकड्या ऐकाव्यात. खाँसाहेबांकडे तो विसावा घेतो, दीनानाथांकडे तो झेप घ्यायच्या तयारीत असतो. कुठले सरस, हा प्रश्नच मला पटत नाही. कवीचे शब्द तेच असताना राग बदलला की नाटकातल्या धैर्यधराचा स्वभाव केवढा बदलतो, हे या दोन तबकड्यांइतके स्पष्ट मला कुणी शिकवले नाही.

७. ज्याची तबकडीच नाही, तोही तुलनेतून थोडा ऐकू येतो. शाहू महाराजांच्या दरबारातले अल्लादिया खाँसाहेब १९४६ मध्ये गेले; त्यांच्या गाण्याचे मुद्रण आपल्याला उपलब्ध नाही. पण शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या तबकड्या आहेत. केसरबाईंची भैरवी तर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. दोघींचा आवाज वेगळा, स्वभाव वेगळा. तो वेगळेपणा बाजूला ठेवून लयीशी बांधलेली आलापी, तानेची वळणे, समेकडे येण्याची रीत तेवढी टिपत जावी. दोघींत जे सारखे सापडते, ते मी खाँसाहेबांच्या नावाने वहीत लिहून ठेवतो.