लिलावातली शेतजमीन घ्यावी का?

प्रश्न : मुक्ताईनगर तालुक्यात थकबाकीपोटी एका शेतजमिनीचा लिलाव आहे. सरकारी लिलाव म्हटल्यावर निर्धास्तपणे बोली लावावी का?

उत्तर : आधी थकबाकी कशाची, ते तहसील कार्यालयात विचारा. त्यावरच सगळं ठरतं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 प्रमाणे त्याच जमिनीचा सारा थकून ती सरकारजमा झाली असेल, तर साधारणपणे ती जुन्या बोजांतून मोकळी होते. पण दुसरं देणं महसुलासारखं वसूल होत असेल, तर विकला जातो फक्त थकबाकीदाराचा हक्क. त्याच्या बहिणींचा हिस्सा, बँकेचं गहाण तुमच्या गळ्यात पडू शकतं. म्हणून सातबाऱ्यातला 'इतर हक्क' रकाना आणि जुने फेरफार वाचाच. पूर्णा नदीकाठचा गट असेल तर हतनूर धरणाच्या पाणफुगवट्यासाठी त्याचं संपादन झालंय का, तेही पाहा.

बोली जिंकताच 25 टक्के रक्कम भरावी लागते. तरी घाईने केळी लावू नका. मूळ मालक 30 दिवसांत थकबाकी आणि तुम्हाला 5 टक्के भरपाई भरून विक्री रद्द करून घेऊ शकतो. त्याची जमीन वाचली तर मला वाईट वाटणार नाही. आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर कुळकायद्याची अडचण बोलीआधीच सोडवा.