कँडी लाल गढूळ का झाला?

प्रश्न: १:२५ प्रमाणातली १९६९ची डॉज चार्जर जोडली. जुलैत, राखाडी प्रायमरवर पारदर्शक लाल लॅकर स्प्रेचे तीन हात दिले. कँडीची झळाळी राहिली बाजूला, वर पांढरट धुरकट थर आला. रंग भेसळीचा असेल का? थिनरने पुसून टाकू?
— एक वाचक, दहिसर (पूर्व)

उत्तर: थिनरला हात लावू नका! लॅकर थिनर मॉडेलचं पॉलिस्टायरीन प्लॅस्टिक विरघळवतो. दारांच्या बारीक रेघा बुजून जातील.

डब्यात बहुधा खोट नाही. कँडी हा एकच रंग नसतो, तो थरांचा खेळ आहे. खाली चकचकीत चंदेरी किंवा सोनेरी, वर पारदर्शक लाल. उजेड लालातून आत शिरतो, चंदेरीवर आपटून परततो, तीच ती झळाळी. राखाडी प्रायमर हा उजेड गिळतो. सोनेरीवर तोच लाल जरा केशरी, उबदार दिसतो, आणि जुन्या मसल कारला तो अधिक शोभतो.

पांढरट थर ही पावसाळ्याची कृपा. लॅकरमधला द्रावक झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. खाडीकाठच्या दहिसरात जुलैमध्ये दुसरं काय होणार?

गाडी वाचेल. आठवडाभर सुकू द्या, २००० नंबरच्या वॉटर पेपरने हलकेच घासा, कोरड्या दिवशी चंदेरी मारा. त्यातून जुना लाल फुटतो का, ते आधी बॉनेटच्या आतल्या बाजूला पाहा. मग लालचे पातळ हात. प्रत्येक हाताने रंग गडद होतो, हवा तिथे थांबा.

खऱ्या गाडीची चमकी मात्र वापरू नका, या मापावर ती खडीसारखी दिसते. फवारताना खिडकी उघडी, तोंडावर रसायनांच्या वाफा अडवणारा मास्क, आणि देवघरातलं निरांजन विझलेलं हवं.