आत्मसन्मान : एक गुणोत्तर

आत्मविश्वास, अहंकार आणि आत्मसन्मान हे शब्द आपण पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. प्रथम ते वेगळे करू. 'हे गणित मला सुटेल' हा आत्मविश्वास. 'माझ्यासारखे कोणालाच सुटत नाही' हा अहंकार. 'गणित चुकले, तरी मी टाकाऊ नाही' हा आत्मसन्मान.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली त्याचे सूत्रच मांडले :

आत्मसन्मान = यश ÷ अपेक्षा

समजा, दोघांना ६० गुण मिळाले. एकाची अपेक्षा ६० ची, दुसऱ्याची ९० ची. पहिल्याचे गुणोत्तर १, दुसऱ्याचे २/३. गुण सारखे, पण एक आनंदात, दुसरा खिन्न! अंश वाढवला किंवा छेद कमी केला, तर गुणोत्तर वाढते.

अर्थात हे सूत्र ओहमच्या नियमासारखे नव्हे. अपेक्षा मोजण्याचे एकक नाही. १९६५ साली मॉरिस रोझेनबर्ग यांनी मोजमापासाठी दहा विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक विधानाला सहमतीचे चार पर्याय असतात. रोझेनबर्ग यांच्या मते आत्मसन्मान म्हणजे इतरांहून श्रेष्ठ वाटणे नव्हे, तर स्वतःला पुरेसे योग्य मानणे.

मग आत्मसन्मान वाढवला की गुण वाढतील का? रॉय बाउमायस्टर व सहकाऱ्यांनी २००३ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा तसे दिसले नाही. उलट चांगल्या अभ्यासामुळेच आत्मसन्मान काही अंशी वाढतो, असे आढळले. म्हणून शिक्षकांनी नुसती शाबासकी देऊन थांबू नये. चुकलेली पायरी दाखवून गणित पुन्हा सोडवून घ्यावे. आणि विद्यार्थीमित्रांनो, 'नापास' हा शेरा उत्तरपत्रिकेवरचा असतो, तुमच्यावरचा नव्हे.