पत्रातून उगवलेलं गाणं

जपान देश बेटांचा आहे. त्यातलं अगदी उत्तरेचं मोठं बेट म्हणजे होक्काइदो. तिथे हिवाळा फार कडक. महिनोन्महिने बर्फ पडतो. या बेटावर साप्पोरो नावाचं शहर आहे. तिथे १९५२ साली एक मुलगी जन्मली. तिचं नाव मियुकी नाकाजिमा.

मियुकीचे वडील डॉक्टर होते. तिला गाण्याचा नाद. पण नुसतं दुसऱ्याचं गाणं म्हणून तिचं मन भरेना. शब्द आपले, चाल आपली आणि गळाही आपला, असं तिला हवं होतं. शाळेच्या संमेलनात तिनं स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. ते तिचं लोकांसमोरचं पहिलं गाणं.

१९७२ साली ती एका गायनस्पर्धेसाठी तोकियोला गेली. तिथे स्पर्धकांना एक कविता दिली होती. तिला चाल लावायची होती. कविता होती शुंतारो तानिकावा या नामवंत कवीची. तिचा विषय होता, 'मी गातो ते कशासाठी?' कविता वाचून मियुकी थबकली. आपण कशासाठी गातो? नावासाठी? पैशासाठी? तिला उत्तर सापडेना. धंदेवाईक गायिका होण्याची संधी दाराशी आली होती. ती तिनं सोडली आणि ती घरी परतली. तीन वर्षं ती गाणी रचत राहिली, छोट्या छोट्या ठिकाणी गात राहिली.

१९७५ साली तिची पहिली तबकडी निघाली. त्याच साली तोकियोत देशोदेशींच्या गाण्यांची मोठी स्पर्धा झाली. तीत तिच्या 'जिदाई' या गाण्याला पहिलं बक्षीस मिळालं. जिदाई म्हणजे काळ. आजचं दुःख उद्या मागे पडेल, काळ फिरतो, असा त्या गाण्याचा भाव. पण घरी मात्र दुःख दाराशीच होतं. वडील एकाएकी आजारी पडले आणि १९७६ च्या जानेवारीत वारले. मुलीचं नाव व्हायला लागलं आणि बापाचं छत्र गेलं. तरी तिनं गाणं थांबवलं नाही.

पुढे मियुकीबाईंचं नाव घरोघरी झालं. १९७७ आणि १९८१ साली त्यांच्या तबकड्या खपात पहिल्या आल्या. गाणी बहुतेक दुःखाची. सोडून गेलेला माणूस, एकटी बाई, रात्रीचं शहर. लोकांना वाटे, बाई सदा रडव्या असतील. पण १९७९ ते १९८७ पर्यंत त्या रेडिओवर रात्री उशिरा बोलायला येत. तिथे त्या खो खो हसत, थट्टा करत. ऐकणारे चकित होत!

या कार्यक्रमाला लोकांची पत्रं येत. रात्रपाळीचे कामगार लिहीत, विद्यार्थी लिहीत. कोणी गंमत लिही, कोणी मनातलं दुःख लिही. बाई ती पत्रं वाचून दाखवत.

एक पत्र एका तरुण मुलीचं होतं. जपानात नऊ वर्षं शाळा सगळ्यांना सक्तीची असते. या मुलीचं शिक्षण तेवढंच झालं होतं. पुढे शिकली नाही म्हणून कामाच्या ठिकाणी तिला कमी लेखलं गेलं. ते तिच्या मनाला लागलं. तिनं लेखणी उचलली आणि ते लिहून पाठवलं.

त्या पत्रातून एक गाणं उगवलं. नाव 'फाइट'. जपानी लोक एकमेकांना धीर देताना हा शब्द म्हणतात. 'नेट लाव, हरू नकोस,' असा त्याचा अर्थ. १९८३ साली ते तबकडीवर आलं. १९९४ साली दुसऱ्या एका गाण्याच्या जोडीनं ते पुन्हा निघालं. त्या तबकडीच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. कमी शिकली म्हणून जिला हिणवलं, तिचं म्हणणं सगळ्या देशानं ऐकलं.

२००० साली जपानी टेलिव्हिजनवर एक नवा कार्यक्रम सुरू झाला. ज्यांचं नाव कोणाला माहीत नाही, पण ज्यांनी मोठी कामं उभी केली, अशा माणसांच्या त्या कथा होत्या. त्यासाठी बाईंनी गाणं रचलं. त्याच्या नावाचा अर्थ 'जमिनीवरचे तारे'.

कुरोबे नदीवरचं धरण अशाच माणसांनी बांधलं. काम १९५६ ला सुरू झालं, १९६३ ला पुरं झालं. धरण १८६ मीटर उंच आहे. डोंगरातून बोगदा खणताना एके ठिकाणी खडक भुगा झालेला लागला. बर्फासारखं पाणी धो धो आत आलं. तेवढे ऐंशी मीटर खणायला सात महिने लागले. सगळ्या कामात १७१ माणसं दगावली.

बाई टेलिव्हिजनवर सहसा गात नसत. पण २००२ च्या शेवटच्या रात्री त्या गायल्या. त्या रात्रीचा गाण्याचा कार्यक्रम सारा जपान बघतो. बाई मात्र तोकियोच्या झगमगाटात उभ्या राहिल्या नाहीत. त्या कुरोबेच्या थंडगार बोगद्यात उभ्या राहिल्या. गाताना एके ठिकाणी शब्दही चुकले. पण ऐकणाऱ्यांच्या काळजाला गाणं भिडलं. पुढच्याच महिन्यात ते खपात पहिलं आलं. तबकडी निघून तेव्हा अडीच वर्षं झाली होती!

२००९ साली जपान सरकारनं बाईंना मानाचं पदक दिलं. २०२० साली साथीच्या रोगामुळे त्यांचा गाण्याचा दौरा मध्येच बंद पडला. २०२४ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या.

कशासाठी गायचं, हा प्रश्न त्यांना विशीत पडला होता. त्याचं उत्तर त्या मुलीच्या पत्रात आहे, बोगद्यातल्या कामगारांतही आहे. ज्याचं कोणी ऐकत नाही, त्याचं म्हणणं गाण्यात आलं पाहिजे. पण त्या मुलीनं पत्र लिहिलंच नसतं, तर? म्हणून मंडळी, आपल्या मनातलं आपल्या हातानं लिहायला शिका. अक्षर वाकडं आलं तरी चालेल.

विचार करा आणि लिहा
१. मियुकीनं १९७२ साली आलेली संधी का सोडली?
२. त्या मुलीच्या पत्रातून पुढे काय झालं?
३. बाई धरणाच्या बोगद्यात का गायल्या असतील?
४. तुमच्या गावातलं एखादं मोठं काम कोणाच्या हातांनी झालं? त्यांची नावं विचारून लिहून काढा.