गॅरंटी म्हणजे काय?

'गॅरंटी' हा शब्द इंग्रजी. पण तो आता खेडोपाडी रुळला आहे. "यंदा पावसाची काय गॅरंटी?" असे आपण म्हणतो. म्हणजे भरवसा नाही. दुकानदार म्हणतो, "या घड्याळाला एक वर्षाची गॅरंटी." म्हणजे वर्षाच्या आत घड्याळ बिघडले, तर तो दुरुस्त करून देईल किंवा बदलून देईल. इथे माणसे दोनच. विकणारा आणि घेणारा.

कायद्यात मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. १८७२ सालच्या करार कायद्यात, कलम १२६ मध्ये, तो सांगितला आहे. तिथे माणसे तीन. कर्ज देणारा, कर्ज घेणारा आणि हमी देणारा. हमी देणाऱ्याला आपण जामीनदार म्हणतो. "याने पैसे फेडले नाहीत, तर मी फेडीन," हे वचन म्हणजे कायद्यातली गॅरंटी.

समजा, शेजाऱ्याने बँकेतून २०,००० रुपये कर्ज काढले. तो म्हणतो, "दादा, नुसती सही करा. नावापुरती." तुम्ही भिडेखातर सही करता. पुढे त्याने हप्ते थकवले. आता बँक तुमच्याकडे पैसे मागू शकते. मुद्दल आणि व्याजही. करारात वेगळे लिहिले नसेल, तर जेवढी जबाबदारी कर्जदाराची, तेवढीच जामीनदाराची. असे कलम १२८ सांगते. "आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या," असे म्हणून सुटका होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली असाच निकाल दिला आहे.

मग जामीन राहूच नये का? तसे नाही. अडल्यानडल्याला मदत करणे हा शेजारधर्म आहे. कायद्याने जामीनदाराला हक्कही दिले आहेत. तुम्ही भरलेले पैसे कर्जदाराकडून मागता येतात. तुम्हाला न विचारता करार बदलला, तर बदलानंतरच्या व्यवहाराला तुम्ही बांधलेले नाही.

सही करण्यापूर्वी एवढे करा :

१. कागद स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येते.
२. रक्कम, व्याज आणि मुदत पाहा. कोऱ्या कागदावर सही करू नका.
३. वेळ आली तर एवढे पैसे भरता येतील का, याचा घरात विचार करा.
४. कागदाची नक्कल मागून घ्या.

सही करायला एक क्षण लागतो. कर्ज फेडायला वर्षे लागतात.

प्रश्न

१. दुकानदाराची गॅरंटी आणि कायद्यातली गॅरंटी यांत फरक काय?
२. जामीनदाराचे हक्क कोणते?