जोर नको, हात हवा

“डॉक्टर, मालिश करून घेतलं तर चालेल का?” हा प्रश्न बहुतेक पेशंट खुर्चीतून उठताना विचारतात. गोळ्या, एक्सरे, एमआरआय असं सगळं बोलून झालेलं असतं; हे मात्र डॉक्टर हसतील म्हणून मागे ठेवलेलं. हसण्यासारखं त्यात काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्यायामाच्या जोडीला मालिशलाही जागा दिली आहे. उलट ज्यांच्यावर आपल्याकडे डोळे झाकून पैसे खर्च होतात ते कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन सरसकट वापरू नका, असं त्यात म्हटलंय. तेव्हा माझं उत्तर ‘हो’ असंच आहे. फक्त मालिश कसलं आणि त्यानंतर तुम्ही काय करणार, हे आधी बोलून घेऊ.

आपल्याकडे मालिश म्हणजे रगडणं. ‘आई गं’ निघालं नाही तर पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत. कुणी अंगठा रुतवून ‘गाठ फोडतं’, कुणी कोपराने पाठ दाबतं, कुणी सरळ पाठीवर उभं राहतं. दुसऱ्या दिवशी अंग काळंनिळं पडलं तरी ‘आतलं दुखणं बाहेर पडतंय’ हे समाधान आहेच. ही गाठ म्हणजे बहुतेक वेळा स्नायूचा आखडलेला, दाबला की दुखणारा पट्टा असतो. तो फोडायचा नसतो, सैल पडू द्यायचा असतो. शिवाय ज्याचं दुखणं तीन महिन्यांहून जुनं आहे, त्याची मज्जासंस्था आधीच कावलेली असते. साधा दाबही तिला टोचतो. अशा अंगावर जोर केला की स्नायू बचावासाठी आणखी ताठ होतो.

हलक्या हाताचा गुण येतो, त्याला शास्त्राचा आधार आहे. कोपर आपटलं की आपण ते चोळतो आणि बरं वाटतं. ते का, याचं स्पष्टीकरण रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं: स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत पोचले की वेदनेच्या संदेशांची वाट तिथेच अडते. तपशील पुढे बदलले, मूळ कल्पना टिकली. नंतर स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसाच्या त्वचेतल्या काही मज्जातंतूंचा अभ्यास केला. हे तंतू सावकाश कुरवाळण्यालाच जास्त दाद देतात. हात सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर वेगाने फिरला, आणि तो गार नसला, की ते जागे होतात. भरभर चोळलं की मंदावतात. म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत हात न्यायला सात-आठ सेकंद घेतले की वेग या टप्प्यात नीट बसतो. आज घरात कुणाच्या तरी हातावर करून बघा. सात सेकंद केवढे लांब असतात ते कळेल! आपल्याला तेल चोपडून मोकळं व्हायची सवय.

घरी करायचं तर असं करा. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट होऊ द्या आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. ज्याची पाठ दुखते त्याला पालथं झोपवा, पोटाखाली पातळ उशी द्या. पालथं झोपवत नसेल तर खुर्चीवर उलटं बसवून डोकं खुर्चीच्या पाठीच्या कडेवर टेकवू द्या. सुरुवातीला दोन्ही तळवे पाठीवर नुसते ठेवा. मिनिटभर काहीच करायचं नाही. त्याचा श्वास लांबायला लागला की कमरेपासून खांद्यापर्यंत, कण्याच्या दोन्ही बाजूंनी, सगळा तळवा टेकवून वर जा आणि बरगड्यांच्या कडेने खाली या. कण्याच्या हाडावर दाब द्यायचा नाही. ‘दुखतंय का?’ असं विचारत बसू नका, कारण आपली माणसं ‘नाही, नाही, करा’ असंच म्हणतात. त्याचा श्वास बघा. श्वास रोखला गेला, जबडा आवळला, पायाची बोटं वळली, की दाब जास्त झाला. पंधरा मिनिटं पुरतात.

तेल कोणतं, याची चर्चा मात्र जरुरीपेक्षा जास्त होते. तिळाचं, खोबरेल, नारायण तेल, जे अंगाला सोसतं ते घ्या. वाग्भटाने अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करायला सांगितलं, डोकं, कान आणि पाय यांना विशेष. आपण ते दिवाळीच्या पहाटेवर आणून ठेवलं. अजीर्ण झालं असताना, कफ वाढला असताना करू नये, असंही त्याने सांगितलं आहे, तेवढं सोयीस्करपणे विसरलं जातं. काशाच्या वाटीने तळपाय घासले की ते काळे पडतात, तेव्हा ‘उष्णता निघाली’ म्हणतात. तो रंग वाटीच्या धातूचा आणि तेला-तुपाचा. पण रात्री कुणी पाय घासून दिले आणि त्याने झोप चांगली लागली, तर दुखण्याला त्याचा फायदा आहेच. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी गरम तेल टाळावं. भाजलेलं त्यांना कळतही नाही.

उसण भरली की पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायची पद्धत अनेक घरांत आहे. गुण येतो, कारण बहुतेक उसण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप उतरते. श्रेय पायाळूला मिळतं. मला हा उपाय मनापासून आवडतो, त्यात निदान कुणी पाठ तुडवत नाही.

आता जुन्या दुखण्याचं. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इंग्लंडमधली एक चाचणी छापून आली, कंबरदुखीच्या ५७९ रुग्णांवरची. काहींना मालिशची सहा सत्रं दिली, काहींना अलेक्झांडर पद्धतीचे धडे. या पद्धतीत शिक्षक अगदी हलका हात मानेला, पाठीला लावतो आणि उठता-बसता तुम्ही अंग कुठे उगाच आवळून धरता ते तुमच्या लक्षात आणून देतो. तीन महिन्यांनी मालिशवाल्यांना फरक होता, वर्षभराने तो बराचसा ओसरला. ज्यांनी २४ धडे घेतले, त्यांचे मात्र वर्षाने चार आठवड्यांतले दुखण्याचे दिवस ३ वर आले होते. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे २१ होते. या पद्धतीचे शिक्षक आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण त्यातलं मर्म चांगला फिजिओथेरपिस्ट शिकवू शकतो. मालिशनंतरचा जो तासभर पाठ हलकी वाटते, तो झोपून घालवू नका. तेव्हाच दहा मिनिटं चाला, सांगितलेले व्यायाम करा, अडलेला खांदा फिरवून बघा. पाच-सहा वेळा करूनही काडीचा फरक नसेल तर पुढचं पॅकेज घेऊ नका.

शहरांत हल्ली क्रेनिओसॅक्रल, बोवेन वगैरे नावांनी हलक्या हाताचे उपचार मिळतात. अंग सैलावतं, सहसा इजा होत नाही. कवटीतले प्रवाह, ऊर्जेचे अडथळे या गोष्टींना मात्र भक्कम पुरावा नाही.

सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान कडकन मोडून घेऊ नका. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. झटक्याने त्यांचं अस्तर फाटून, क्वचित का होईना, पक्षाघात होतो, आणि तो तरुणांनाही होतो. न्हाव्याला आधीच सांगा, “मानेला हात नको.”

एकाच पायाची पोटरी सुजली असेल, गरम आणि दुखरी असेल, तर ती चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. हाडं ठिसूळ असलेले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, कॅन्सरचे उपचार चालू असलेले यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप येत असेल, वजन उतरत असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल, तर मणक्याचा टीबी तपासायला हवा. आपल्या देशात तो दुर्मीळ नाही, आणि महिनोन्महिने तेल चोळण्यात त्याचे दिवस जातात. आणि पायातली ताकद कमी झाली, लघवी अडली किंवा बसायच्या जागेवर बधिरपणा आला, तर मालिश नको, दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंटही नको. त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा.